मालवाहू ईकोत चार सायकली कशा बांधायच्या? (केळघर घाटात हँगर वाकला)

मसाला_डबा | रविवार, रात्री १०.४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज ठेच लागली म्हणून लिहितोय.

साताऱ्यात आमचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे. गाडी मारुतीची ईको, मालवाहू. सोमवार ते शनिवार ती कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि चटण्या घेऊन कोरेगाव, वडूज, कराड करते. रविवारी मोकळी. आम्ही चौघं सायकलवाले: मी, बायको आणि दोन मित्र. आजवर यवतेश्वर, कास, सज्जनगड, ठोसेघर यावरच भागत होतं. घरातून निघायचं, घरी यायचं. आता जरा लांबून सुरुवात करू म्हणून आज पहाटे सायकली ईकोत टाकल्या आणि मेढ्यावरून महाबळेश्वरला निघालो. पुढे आम्ही दोघं नवराबायको, मित्र मोटरसायकलवर मागून.

‘टाकल्या’ हाच शब्द बरोबर आहे. दोन सायकली बाजूच्या पत्र्याला टेकवून उभ्या केल्या, दोन त्यांच्या पुढ्यात आडव्या ठेवल्या, मध्ये जुन्या वाकळा कोंबल्या. हुकाची चार रबरं कुठून कुठे लावली ते आता आठवतही नाही. मेढ्यापर्यंत सगळं शांत. केळघर घाटात एका वळणावर मागून भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज आला. गाडी बाजूला घेऊन बघितलं तर मित्राच्या एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) पेडल माझ्या मागच्या चाकाच्या तारांत घुसलेलं. बाकी वरवर ठीक वाटलं. महाबळेश्वरात सायकलवर बसलो, पहिल्याच चढाला मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर टाकलं आणि डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा गिअरचा हात, थेट तारांत. डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर आत वाकला होता, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन तारा तुटल्या. वेग चालण्याइतका होता म्हणून आज टाइप करतोय.

सायकली अशा आहेत: माझी कार्बनची रोड, हायड्रॉलिक डिस्क (तेलाच्या दाबावरचे चकतीचे ब्रेक), पुढे १२ मिमीचा थ्रू ॲक्सल (आरपार जाऊन आट्यात आवळायचा दांडा). एका मित्राची ॲल्युमिनियमची रोड, रिम ब्रेक, क्विक रिलीज (खटक्याने उघडणारं चाक). दुसऱ्याची २९ इंची एमटीबी, पुढे १५ मिमीचा थ्रू ॲक्सल, हबची रुंदी ११० मिमी. बायकोची हायब्रिड, क्विक रिलीज, साधे ब्रेक.

पंधरा दिवसांनी चिपळूणला जायचंय. तिथून गुहागर आणि परत. म्हणजे जाताना कुंभार्ली घाट उतरायचा. ईकोच्या मागे या चार नीट कशा बसवायच्या? पत्र्याला भोकं पाडायला घरून परवानगी नाही. बुधवारी त्याच गाडीतून माल जायचा असतो.

सज्जनगड_लूप | रविवार, रात्री ११.०२

सोप्पं आहे, मित्राच्या कारच्या टपावर कॅरियर लावा. ईको कशाला?

मसाला_डबा | रविवार, रात्री ११.१०

दादा, मित्रांकडे कार असती तर ते थंडीत मोटरसायकलवर आले असते का? घरी गाडी आहे, रविवारी उभी आहे, पाऊस आला तरी सायकली कोरड्या. टपावरच्या सायकली विसरून पार्किंगच्या कमानीत गाडी घातलेला एक माणूस मला ठाऊक आहे. तो अजून त्या विषयावर बोलत नाही.

लेथवाला | सोमवार, सकाळी ७.१५

रबराची हुकं आधी घरातल्या कपड्यांच्या दोरीला द्या. रबर ताणतं म्हणूनच ते बांधायच्या कामाचं नाही. ब्रेक मारला की सायकल पुढे जाते, रबर लांबतं, मग तीच सायकल दुप्पट जोराने मागे येते. चाक हलू नये म्हणून किंवा हँडल फिरू नये म्हणून ठीक, पण भार त्याच्यावर नको.

तुमच्या गाडीला सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे फळी. पाऊण इंची प्लायवूड, मागच्या जागेच्या मापाची, एकच अखंड. पुढचं चाक काढायचं, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) फळीवर बसवलेल्या नळीत अडकवायचा, मागचं चाक पट्ट्याने फळीलाच बांधायचं. सगळा भार फळीवर. बुधवारी फळी उभी करून भिंतीला लावली की गाडी मालाला मोकळी.

चाक काढण्याचा फायदा लांबीत दिसतो. पूर्ण रोड सायकल टोकापासून टोकापर्यंत १७० सेंटिमीटरच्या आसपास असते, पुढचं चाक काढलं की १४० वर येते. उंचीही थोडी कमी होते, कारण फोर्क खाली बसतो.

क्विक रिलीजच्या दोन सायकलींना नवीन काही घेऊ नका. भंगारातून पुढच्या चाकाचे दोन जुने हब (चाकाचे मधले तुंबे) आणा, तारा काढा, हबचा मधला भाग लोखंडी पट्टीच्या कमानीने फळीवर आवळा. पुढच्या हबची रुंदी १०० मिमी असते, फोर्क त्यात बरोबर बसतो. खटका नेहमीसारखा बंद करा, तळहातावर वळ उठला पाहिजे.

थ्रू ॲक्सलला हब नको, नळी करून घ्या. तुमच्या कार्बनला १०० मिमी लांब, आतून १२ चा ॲक्सल सरकेल इतकी. एमटीबीला ११० लांब, आतून १५ चा. नळीची टोकं मात्र मूळ हबच्या टोकांच्या व्यासाचीच हवीत, कारण फोर्कच्या आतल्या खाचेत तीच बसतात. इथे अंदाज चालत नाही, व्हर्नियर लावून मोजा. नळी पाच मिमीच्या पट्टीवर वेल्ड, पट्टी चार बोल्टने फळीवर, खालून मोठे वायसर. सायकलचा स्वतःचाच ॲक्सल नळीतून आरपार घालून पलीकडच्या आट्यात आवळायचा. ॲक्सलवर जो टॉर्क लिहिलाय तेवढाच.

जुन्या एमआयडीसीत माझं दुकान आहे. हब आणि फोर्क घेऊन या, गुरुवार सोडून.

सांगलीचा_भडंग | सोमवार, सकाळी ९.३०

एवढा खटाटोप? आम्ही सांगलीहून सायकली नेतो त्या सरळ उलट्या ठेवतो, सीट आणि हँडलवर. दुकानदार पंक्चर काढताना ठेवतो तशा. खाली हळदीची रिकामी पोती. एकाला एक खेटून चार बसतात. काही होत नाही.

वाईची_कृष्णा | सोमवार, सकाळी ११.४५

रिम ब्रेकच्या सायकलीला चालेल, बांधली तर. हायड्रॉलिक डिस्कला माझा विरोध आहे. ब्रेकच्या लिव्हरपाशी तेलाची छोटी टाकी असते आणि तिच्यात थोडी हवा राहिलेली असू शकते. सायकल उलटी करून दोन तास घाटात हलवली की ती हवा नळीत सरकते. उतरल्यावर सायकल सुलटी करायची, लिव्हर दाबायची, तर ती हँडलला टेकते. चार-पाचदा दाबून परत कडक झाली तर नशीब. कुंभार्लीच्या टोकाला असा शोध लागायला नको.

आणि हळदीची पोती! हँडलची पांढरी टेप पिवळी झालेली मी पाहिलीय. लग्नाआधीची हळद वाटत होती.

मसाला_डबा, चाक काढाल तेव्हा कॅलिपरच्या (ब्रेकच्या चिमट्याच्या) दोन पॅडच्या मध्ये काहीतरी सरकवायला विसरू नका. प्रवासात कुणाचा हात किंवा शेजारचं हँडल लिव्हरवर पडलं तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग मधे रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, जात नाही. नवा रोटर १.८ मिमीचा असतो, तेवढ्या किंवा किंचित जास्त जाडीचं काहीही चालतं. मी कंदी पेढ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घालते. साताऱ्यात त्याची टंचाई नाही. चिकटलेच तर टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूच मागे ढकला, स्क्रूड्रायव्हर लावू नका.

पण तुमच्या बाबतीत माझी खरी काळजी वेगळी आहे. गाडी मसाल्याची आहे ना? कांदा-लसूण मसाल्याला तेल असतंच. ते तळाच्या पत्र्यावर, पोत्यांवर, तुमच्या हातांवर. रोटरला किंवा पॅडला तेलाचं बोट जरी लागलं तरी ब्रेक आधी किंचाळतो, मग धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की सुटतो, पॅडने तेल प्यायलं तर बहुधा बदलावेच लागतात. काढलेलं चाक स्वतंत्र पिशवीत, रोटर वरच्या बाजूला. चाक रोटरवर आडवं ठेवलं तर तो वाकतो, ते वेगळंच.

मसाला_डबा | सोमवार, दुपारी १.२०

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. बायकोची तक्रार नेमकी उलटी होती: चेनचं काळं तेल मसाल्याच्या गाडीत नको. आता दोन्ही बाजूंनी ताडपत्री आली. मालाची वेगळी, सायकलची वेगळी.

उद्या हब घेऊन लेथवाल्या भाऊंकडे जातो.

टेम्पोआबा | सोमवार, रात्री ८.५०

पोरांनो, मी सायकल चालवत न्हाई, गुडघं गेलं. पण सत्तावीस वर्सं टेम्पो चालवला. कोरेगावचं आलं, म्हाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, लोकांच्या घरचं सामान, समदं वाहिलं. आमची सून हे वाचून दाखवती म्हनून तिच्याच हातानं लिवतोय.

तुमी समदे बांधायचं बोलताय. माल आधी ठासायचा अस्तो, मग बांधायचा. घर हलवताना कपाट नुस्तं दोरीनं आवळलं तर दोन खड्ड्यांत दोरी ढिली. कपाटाच्या पायाशी पुढनं फळी अडवली, मागनं गादी ठासली, मग दोरी नुस्ती राखन करती. त्या फळीच्या पुढच्या कडंला गाडीच्या पत्र्याशी काय अडतंय का बघा. फळी आनि पुढच्या जाळीच्या मधी हातभर जागा ऱ्हायली तर ब्रेकला फळीसकट चारी सायकली पुढं यनार. ती जागा भरा. लाकडाचा ठोकळा, न्हायतर मसाल्याचं भरल्यालं पोतं. माल बी जाईल, सायकल बी.

आनि फळीखाली जेन टाका, न्हायतर रबर. पत्र्यावर प्लायवूड बर्फासारखं सरकतं.

लेथवाला | सोमवार, रात्री ९.१०

आबांना साष्टांग. फळी पुढे अडवायचं मी लिहिलंच नाही. फळीची लांबी अशी घ्या की पुढची कड थेट अडेल, ठोकळ्याची वेळच नको.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ६.४०

शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आबांच्या म्हणण्याला आकडे जोडतो. युरोपातल्या मालवाहतुकीच्या मानकात हिशेब असा असतो: मालाचं जे वजन त्याच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेला आणि ०.५ पट बाजूला व मागे रोखता आला पाहिजे. पुढचा आकडा मोठा, कारण जोरात ब्रेक मारला की माल पुढेच येतो. वळणांचा जोर बाजूला. केळघरला तुमचं जे झालं ते त्या ०.५ मध्येच कुठेतरी झालं असणार, आणि तेवढ्यात हँगर वाकला.

चार सायकली मिळून पन्नास किलो धरल्या तर ब्रेकला चाळीस किलोचा रेटा. हा पट्ट्याला सहज पेलतो. धडक झाली तर गोष्ट वेगळी. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. तेवढा वेग अर्ध्या मीटरमध्ये शून्य झाला तर मंदन गुरुत्वाच्या जवळजवळ वीसपट येतं. १२ किलोची एक सायकल त्या क्षणी २४० किलोसारखी वागते. पुढच्या सीटवर दोन माणसं आहेत हे लक्षात ठेवून बांधा. मधली जाळी पोतं अडवायला बरी, हँडलचं टोक किंवा पेडल चौकोनातून आत येऊ शकतं.

सांगलीचा_भडंग | मंगळवार, सकाळी ८.०५

सर, सकाळी सकाळी घाबरवू नका. पोती बदलतो, दोरी पण बांधतो.

कोरेगाव_फाटा | मंगळवार, सकाळी १०.३०

धाग्यात घुसतोय. माझ्याकडे सात सीटची ईको आहे, खासगी. मागच्या सीटा कायमच्या काढून अशी फळी बसवली तर? आणि मालवाहूत मागे सायकलींबरोबर एखादा मित्र बसला तर बिघडलं कुठे, चौघंही एकाच गाडीत जातील.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी १०.५५

दुसऱ्याचं आधी: नको. मालाच्या जागेत माणूस बसवायचा नसतो, आणि वरचा वीसपटीचा हिशेब त्यालाही लागू होतो, सोबत चार सायकलींसह. सीटांचं असं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सीटांची संख्या त्या पत्रात लिहिलेली असते. कायमचं काही करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा.

वाईची_कृष्णा | मंगळवार, दुपारी १२.१५

कोरेगावकर, एकच सायकल न्यायची असेल तर एवढं करायची गरजच नाही. माझी हॅचबॅक आहे. मागची सीट पाडते, दोन्ही चाकं काढते, सांगाडा डाव्या अंगावर आडवा ठेवते, चेनची बाजू वर. मागचं चाक काढण्याआधी चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणायची, म्हणजे चाक सहज निघतं. चेनला जुनी ओढणी गुंडाळते. पुढच्या सीटच्या पाठीला सांगाडा खेटतो, म्हणजे आबांच्या भाषेत ठासला जातो. वरून सीट बेल्ट. वाई ते पाचगणी पसरणी घाटातून कितीदा नेलीय.

मसाला_डबा, तुमच्या कार्बनबद्दल एक: पट्टा वरच्या दांडीवरून टाकून आवळू नका. कार्बनची नळी लांबीच्या दिशेने दणके खाते, बाजूने चिमटा काढला तर तडकू शकते आणि तडा बाहेरून दिसेलच असं नाही. पट्टा मागच्या रिमवरून घ्या.

लेथवाला | मंगळवार, दुपारी १.००

ताईंचं शंभर टक्के बरोबर. म्हणूनच रॅचेटचे बेल्ट घेऊ नका. ट्रकवाल्यांच्या कामाचे आहेत, चार वेळा खटखट केलं की किती जोर लागला ते हाताला कळतच नाही. कॅम बकलचा पट्टा घ्या, हाताने ओढायचा, खटका सोडला की धरतो. माणसाच्या हातात जेवढा जोर तेवढाच लागतो, सायकलला तो पुरे.

टेम्पोआबा | मंगळवार, रात्री ९.००

पट्टा न्हाई मिळाला तर दोरी. मधी फास करायचा, दोरीचं टोक कडीतनं घालून परत फासातनं ववायचं आनि खाली वडायचं. कप्पीगत काम करतं, बोटभर पोरगं बी ताठ करतंय. पर नायलॉनची चकचकीत दोरी घिऊ नका, गाठ सुटती.

मसाला_डबा | शुक्रवार, रात्री १०.१५

प्रगती कळवतो.

फळी झाली. लेथवाल्या भाऊंनी दोन नळ्या केल्या, दोन भंगारचे हब बसवले. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, उलट मसाल्याचा अर्धा किलोचा पुडा मात्र घेतला. फळीला आठ कड्या, प्रत्येक सायकलीच्या मागच्या चाकापाशी दोन. मागच्या चाकाला डावीकडे एक पट्टा, उजवीकडे एक. एकच पट्टा लावला होता तेव्हा सायकल दुसऱ्या बाजूला लवायची आणि फोर्कच्या टोकावर ताण यायचा, ते वळणावर हाताने हलवून बघितलं तेव्हाच लक्षात आलं.

सगळ्यांत वेळ गेला तो हँडलांच्या भांडणात. रोडची हँडलं जेमतेम ४२ सेंटिमीटर, एमटीबीचं ७४. शेजारी शेजारी बसेनात. शेवटी एकाआड एक उलटसुलट तोंडं केली: दोन सायकली पुढे बघतात, दोन मागे. एकाचं हँडल दुसऱ्याच्या सीटखाली येतं. तरी एमटीबीचं पेडल हायब्रिडच्या दांडीला घासत होतं, म्हणून दोघांची डावी पेडलं काढली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे माहीत असूनही पाच मिनिटं चुकीच्या दिशेने जोर लावला. बायको बघत होती.

फळीखाली जुनं रबर. पुढची कड जाळीखालच्या पत्र्याला टेकते, मी दोन सेंटिमीटर कमी कापली होती ते अंतर रबराच्या घडीने भरलं. मागून पण ठासायला हवं, चढाला माल दाराकडे येतो. तिथे सध्या ठोकळा आहे.

खर्च पट्ट्यांसकट अडीच हजारांच्या आत.

सज्जनगड_लूप | शुक्रवार, रात्री १०.३०

नाद खुळा! काढलेली चाकं कुठे?

मसाला_डबा | शुक्रवार, रात्री १०.४५

तीच तर राहिली. उद्या पहाटे यवतेश्वर घाटात चाचणी आहे, रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम ब्रेक मारून बघणार.

मसाला_डबा | शनिवार, सकाळी ९.२०

चाचणी झाली. फळी तसूभर हलली नाही, सायकली हलल्या नाहीत. चारही चाकं पिशव्यांसकट गाडीभर नाचली. परत आल्यावर चौघांच्या चाकांना जुन्या ट्यूबच्या पट्टीने एकत्र गठ्ठा केला, प्रत्येकाच्या मध्ये पुठ्ठा, रोटरवाली दोन चाकं बाहेरच्या अंगाला आणि रोटर बाहेर. गठ्ठा डावीकडच्या पत्र्याला उभा, त्याला वेगळा पट्टा.

वाईची_कृष्णा | शनिवार, सकाळी ९.४०

रोटर बाहेर आणि बाहेर पत्रा? मध्ये काहीतरी मऊ घाला. आणि क्विक रिलीजच्या बारीक स्प्रिंगा एका डबीत. त्या हरवल्याशिवाय कुणाचीच सहल पूर्ण होत नाही.

मसाला_डबा | सोमवार, रात्री ९.३०

काल चिपळूण झालं. तपशीलवार लिहितो, कारण एक गोष्ट इथे कुणीच सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल आणि मी वाचली नसेल.

साडेतीनला निघालो. नागठाण्यापाशी पहिला थांबा घेतला, मित्राच्या मोटरसायकलला पेट्रोल हवं होतं. सहज मागचं दार उघडून पट्ट्यांना हात लावला, तर आठपैकी पाच ढिले! गाठ सुटली नव्हती, खटका सरकला नव्हता. नवे पट्टे ताणले जातात, खालचं रबर दबतं, टायर थोडे बसतात. साताऱ्याहून जेमतेम अठरा किलोमीटरवर एवढं. पुन्हा ओढले. उंब्रजला हायवे सोडताना परत बघितले, तिथे एकच किंचित ढिला. पाटणला सगळे ताठ, आणि पुढे रस्त्याने आमची हाडं मोजली तरी ताठच राहिले. हेळवाकला चहा घेताना मी दोनदा उठून बघून आलो, तेव्हा बायको म्हणाली की आता सायकललाच चहा पाज.

कुंभार्ली उतरताना मुद्दाम कान मागे ठेवला होता. आवाज आला तो फक्त मसाल्याच्या रिकाम्या डब्याचा, जो मागच्या बुधवारचा सीटखाली राहिला होता.

चिपळुणात चाकं लावायला चौघांना मिळून पंचवीस मिनिटं लागली. पेढ्याचा पुठ्ठा कामाला आला: माझ्या लिव्हरवर हायब्रिडची टोपली टेकली होती, पुठ्ठा नसता तर पॅड चिकटलेच असते. ती टोपली आता आधी काढणार. रोटर स्वच्छ, ब्रेक गप्प. हँगर नवा टाकलाय, गिअर लोण्यासारखे.

गुहागरला पोहोचलो, समुद्रात पाय बुडवले, परत चिपळूणला यायला मात्र ऊन लागलं. येताना लोडिंगला कंटाळा आला होता आणि मित्र म्हणाला, आता एक-एकच पट्टा लावू. नाही लावू दिला.

गाडी चिपळुणात दिवसभर उभी होती आणि फळी आत होती, म्हणून काळजी नव्हती. सायकली आत असताना जेवायला थांबलो तेव्हा मात्र चौघींच्या सांगाड्यांतून एक साखळी ओवून फळीच्या कडीत कुलूप घातलं. मालवाहू गाडीला मागे काच आहे, आतलं सगळं दिसतं. ताडपत्री त्यासाठीही बरी.

टेम्पोआबा | सोमवार, रात्री १०.००

ढिलं होतंय ते आमाला म्हाईत हाय, म्हनून तर आमी माल भरून गाव सोडलं की पयल्या चहाला दोरी बघायचो. सांगायचं ऱ्हायलं. चहाची सवय असल्यावर सांगावं लागत न्हाई.

लेथवाला | सोमवार, रात्री १०.१५

चहाच्या गोष्टीवर आठवलं, नळ्यांच्या पट्टीचे बोल्टही एकदा बघा. लाकूड दबतं, नायलॉनचे नट लावले असले तरी पहिल्या फेरीनंतर अर्धा आटा घेतील.

मसाला_डबा | मंगळवार, सकाळी ७.५०

भाऊ, बघितले. आठपैकी तीन अर्धा आटा, एक पूर्ण फिरला. एमटीबीच्या नळीचा.

कोरेगाव_फाटा | मंगळवार, सकाळी ८.३०

मला हीच फळी हवी आहे. माप द्याल का? सीटा न काढता फक्त मागच्या डिकीत दोन सायकली बसतील अशी.

मसाला_डबा | मंगळवार, सकाळी ८.४५

माझं माप तुम्हाला चालणार नाही, तुमच्या गाडीत सीटच्या पाठीपासून दारापर्यंत १४० सेंटिमीटर मिळायची नाहीत. दोन्ही चाकं काढून कृष्णाताईंच्या पद्धतीने बघा. तरी गाडी घेऊन या, टेप लावून बघू. येताना रिकामा डबा आणा, कालच नवा मसाला कुटलाय. फक्त सायकलजवळ उघडू नका, माझ्या सीटला अजून वास येतोय आणि गुहागरात दोन कुत्री पार बंदरापर्यंत मागे आली होती.

लेथवाला | मंगळवार, सकाळी ९.००

गुरुवार सोडून.